चौदा जुलैच्या पाच नोंदी

“टोपी काढा, केळुसकर. इथं पुण्यात वारा नाही,” निजसुरेसाहेब म्हणाले.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, तरी समोरच्या खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने लोकरीची कानटोपी घातली होती. त्यांनी ती काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. डाव्या कानाची वरची कड गेलेली होती. तिथे काळपट, चुरगळलेली कातडी तेवढी उरली होती.

“हे कधीचं?” साहेबांनी विचारलं.

“ऑगस्टातलं, साहेब. हिमदंश झाला.”

“ऑगस्टात. म्हणजे जुलैत तुम्ही बाहेर पडत नव्हता, ऑगस्टात पडायला लागलात.”

मी टेबलाच्या कडेला वही उघडून बसलो होतो. निजसुरेसाहेब आमच्या तपासणी शाखेचे प्रमुख होते; जबाब लिहून घेणं हे माझं काम होतं.

वासुदेव केळुसकर आमच्या खात्यात हवामान निरीक्षक होते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यात सोळा महिने राहून मार्चमध्ये ते जहाजाने परतले होते. हिवाळ्यात तिथे वीस माणसं होती, पण हवामानाच्या नोंदी घेणारे ते एकटेच. दर तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा, ठाण्यापासून सत्तर पावलांवरच्या जाळीदार पेटीकडे दोरी धरून जायचं, आतल्या तापमापकांवर टॉर्च मारायचा, आकडे वहीत उतरवायचे. वर्षाच्या दोन हजार नऊशे वीस नोंदी. ते रजिस्टर तपासणीसाठी माझ्या टेबलावर आलं होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि नोकरीत कायम व्हायचा होतो. आमच्या तपासणी शाखेची पद्धत सोपी होती. प्रत्येक ठाण्याच्या प्रत्येक महिन्यासाठी कमाल आणि किमान मर्यादांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली असे. आकडा तक्त्याबाहेर गेला की त्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढायचं. ते ठाणं सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती. सहा हिवाळ्यांच्या नोंदींवरून जुलैची वरची मर्यादा शून्याखाली सहा अंश ठरली होती. केळुसकरांच्या रजिस्टरात चौदा जुलै १९९० या दिवशी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंतच्या पाच नोंदी त्या मर्यादेबाहेर होत्या. त्यातल्या दोन तर शून्याच्याही वर होत्या आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द होता, ‘पाऊस’. ती पाच वर्तुळं मीच काढली होती.

“तुम्ही पाऊस लिहिलंय,” साहेब म्हणाले. “जुलैत. जिथे त्या दिवसांत सूर्यसुद्धा उगवत नाही तिथे.”

“पाऊसच होता, साहेब.”

“बर्फाचे कण असतील.”

“कण टिचतात, साहेब. अंगावर आपटून बाजूला उडतात. हे ओघळत होतं. टॉर्चच्या काचेवरून खाली येत होतं. खिशातल्या वहीचं पान बघा, फुगलंय.”

“पान चहानंही फुगतं.” साहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. “वाऱ्याची दिशा उत्तर-ईशान्य. तिथला वारा एरवी कुठून येतो?”

“दक्षिणेकडून. वरच्या पठारावरून उतरतो. कोरडा असतो, कातडी सोलून काढतो. पण तेरा तारखेला संध्याकाळी तो पडला आणि मग उत्तरेकडून सुरू झाला. समुद्राकडून.”

“समुद्र गोठलेला. शेकडो किलोमीटर.”

“त्याच्याही पलीकडून, साहेब.” केळुसकरांनी मांडीवरची टोपी उलटी केली. पुढचं बोलावं की नाही याचा ते विचार करत असावेत. “तो आपल्या बाजूचा वारा होता.”

“आपल्या म्हणजे?”

“उबदार समुद्रावरचा. मी केळूसचा, वेंगुर्ल्याजवळचा. दमट वारा अंगाला लागला की मला कळतो. त्याला वजन असतं. सात-आठ महिने तो लागला नव्हता, म्हणून लगेच ओळखला.”

निजसुरेसाहेब माझ्याकडे वळले. “लिहून घ्या, ओगले. निरीक्षकांच्या मते अंटार्क्टिकावर केळूसहून वारा आला.”

मी हसलो. हसलो नव्हतो असं लिहायला मला आवडलं असतं.

साहेबांचा संशय निराधार नव्हता. हिमवादळात बाहेर पडणं जिवावरचं असतं, आणि अशा वेळी निरीक्षक आत बसून अंदाजे आकडे भरतात किंवा तापमापक प्रवेशाच्या गार खोलीत टांगून वाचतात, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अशा नोंदींना आम्ही ‘रजईतलं हवामान’ म्हणायचो. गार खोलीचं तापमान शून्याच्या आसपास असतं आणि केळुसकरांचे आकडेही शून्याच्या आसपासचे होते. मोहिमेच्या प्रमुखांना आम्ही पत्र पाठवून विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं होतं: त्या दिवशी वादळामुळे निरीक्षकाखेरीज कोणालाही बाहेर जायची परवानगी नव्हती, छतावर मोठा आवाज होता, पाऊस कोणी पाहिला नाही.

दुपारी कँटीनमध्ये केळुसकर एकटेच चहा घेत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. वाईट वाटत होतं म्हणून गेलो, की जबाबाला पूरक काही मिळेल म्हणून, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

“एक विचारू?” मी म्हणालो. “तुम्हाला स्वतःला शंका नाही आली? आकडा बघून?”

“आली ना. दुसरा तापमापक लावून बघितला. तोही तेच सांगत होता. मग हातमोजा काढला. हात उघडा ठेवून उभा राहिलो, पाच मिनिटं. एरवी पाच मिनिटांत बोटं जातात.” त्यांनी बोटं माझ्यासमोर पसरली. ती सगळी शाबूत होती. “पण ओगलेसाहेब, पावसाचं राहू द्या. नंतर जे झालं त्याबद्दल कोणी विचारतच नाही.”

“काय झालं?”

“पंधराला वारा फिरला. पुन्हा उणे वीस. सगळीकडे काच झाली. दोरी काठीसारखी ताठ. वरून काच, पण खाली बर्फात पाणी मुरलेलं. मी काठी खुपसली तर हातभर आत ओलं लागलं. आणि अठराला समोरच्या बर्फाच्या कड्यातून आवाज आला. तो कडा समुद्रावर तरंगतो, माहीत आहे ना? त्याला आधीच्या बारीक भेगा होत्या. पाणी त्यात उतरलं, उतरत उतरत गेलं. पाणी भेगेत शिरलं की पाचरीसारखं काम करतं. भेग मिटत नाही, वाढते. मी शेऱ्यात लिहिलंय. मैलभर लांब भेग पडली.”

“एका दिवसाच्या पावसानं?”

“हिवाळाभराची थंडी त्यानं एका दिवसात धुतली,” ते म्हणाले. “असे चार दिवस दर वर्षी आले तर तो कडा राहायचा नाही. आणि त्याच्या मागचा डोंगरभर बर्फ त्या कड्यानंच अडवून धरलाय.” मग त्यांनी कप खाली ठेवला. “बाकीच्या रजिस्टरचं काय होणार?”

हाच प्रश्न साहेबांच्या मनात होता. चार वाजता त्यांनी मला बोलावलं.

“सगळं रजिस्टर रद्द करतोय,” ते म्हणाले. “ज्या माणसानं पाच रीडिंग आत बसून घेतली, त्याची उरलेली एकोणतीसशे कोणत्या तोंडानं छापायची?”

मी म्हणालो, “सर, बाकीच्या नोंदी चांगल्या आहेत. मी सगळ्या तपासल्यात. त्यांनी या पाच आत घेतल्याचं लिहून दिलं तर तेवढ्याच रद्द करता येतील. बाकीचं वर्ष वाचेल. आणि त्यांनाही फक्त समज देऊन भागेल.”

साहेबांनी थोडा विचार केला. “देतील लिहून?”

“मी बोलतो.”

ही तोड माझी होती. त्या वेळी मला ती माणुसकीची वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरातल्या अभिलेख खोलीत गेलो. ठाण्यावर जाळीच्या पेटीत आणखी एक उपकरण असतं. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावर ते आठवडाभर आपोआप तापमानाची रेघ काढत राहतं. त्या वर्षाचे आलेख वेगळ्या खोक्यातून आले होते आणि अजून कोणी ते उघडले नव्हते. जुलैचा तिसरा कागद मला दहा मिनिटांत सापडला.

ते यंत्र कोणी बाहेरून गार खोलीत आणलं, तर रेघ सरळ भिंतीसारखी वर चढते आणि वर जाऊन सपाट होते. पाच-दहा मिनिटांचं काम. माझ्या हातातल्या कागदावरची रेघ तेरा जुलैच्या मध्यरात्री निघाली होती आणि अठरा तास चढत होती. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी ती थरथरलेली होती. चौदाच्या दुपारी ती शून्य ओलांडून गेली, सहा तास वर राहिली आणि मग पूर्ण दिवसभर उतरत गेली. कुठल्याही खोलीतली हवा अशी वागत नाही. हे कळायला मला पुन्हा बघावं लागलं नाही.

कागद घेऊन मी जिने चढलो. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. ते फोनवर बोलत होते. त्यांनी मला हातानेच थांबायची खूण केली आणि फोन ठेवून म्हणाले, “बरं झालं आलात. वर कळवून टाकलंय. केळुसकर लिहून देतायत, प्रकरण मिटतंय. ही सूचना तुमची, हेही सांगितलं. तुम्हाला कायम करायचा कागद या आठवड्यात निघेल. काय आहे हातात?”

“काही नाही, सर. दुसऱ्या ठाण्याचं आहे.”

मी पुन्हा खाली गेलो आणि तो आलेख खोक्यात त्याच्या क्रमाच्या जागी ठेवला. क्रम चुकू नये म्हणून मागचे-पुढचे कागद तपासूनही घेतले.

कबुलीजबाबाचा मसुदा मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. अकरा वाजता केळुसकर माझ्या टेबलाशी बसले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: पाच नोंदी दिल्या तर दोन हजार नऊशे पंधरा राहतील, नाही तर एकही राहणार नाही. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत कागद वाचला.

“‘थंडीच्या भीतीने’ काढा,” ते म्हणाले. “भीती नव्हती.”

“मग काय लिहू?”

“थकव्यामुळे लिहा. थकवा होता.”

मी खोडून ‘थकव्यामुळे’ लिहिलं.

“बाकीच्या छापतील ना? तुम्ही सांगताय म्हणून विचारतो.”

“छापतील. मी स्वतः बघेन.”

त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. “ओगलेसाहेब, आलेख बघितलात का तुम्ही? जुलैचा तिसरा कागद. मी स्वतः बदलला होता, सोळा तारखेला. त्यात दिसेल सगळं.”

शेजारच्या टेबलावर कोणी तरी टाइप करत होतं. मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघत होतो.

“तो खोक्यात नाही सापडला,” मी म्हणालो.

“नाही?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग उलट माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, “जहाजावर ओल लागते. खराब झाला असेल. तुमचा काय दोष.”

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, टोपी घेतली आणि गेले. उरलेली नोकरी त्यांनी कोकणातल्याच एका कार्यालयात, टपाल शाखेत काढली. त्यांना पुन्हा नोंदीच्या कामावर घेतलं नाही. फक्त समज देऊन भागलं नव्हतं. हे मला पाच-सहा वर्षांनी कळलं, आणि कळल्यावरही मी पत्र लिहिलं नाही.

त्या सहीनंतर तेहतीस वर्षांनी, माझ्या निवृत्तीला काही महिने उरले असताना, एका तरुण संशोधक बाईंचं व्याख्यान ऐकायला मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांनी पडद्यावर उपग्रहाचं एक चित्र दाखवलं. मादागास्करच्या पूर्वेकडच्या उबदार समुद्रावरून ढगांची एक अरुंद, पांढरी दोरी निघाली होती आणि हजारो किलोमीटर दक्षिणेला जाऊन अंटार्क्टिकाच्या कडेला भिडली होती. हवेतून वाहणाऱ्या नद्याच या, त्या म्हणाल्या. बाजूला उच्च दाबाची भिंत उभी राहिली की त्यांना ध्रुवाकडे वाट मिळते. त्या बाष्प आणि ऊब दोन्ही घेऊन येतात. वर पठारावर हिमवर्षाव होतो आणि बर्फ वाढतो. पण किनाऱ्यावर पाऊस पडतो, बर्फ वितळतं, भेगांत पाणी भरतं आणि तरंगते कडे तुटतात. वर्षातून मोजकेच दिवस, पण तेच निर्णायक.

मग त्यांनी जुन्या घटनांची यादी दाखवली. ती संगणकाने मागचं हवामान पुन्हा मांडून काढलेली होती. चौथ्या ओळीवर चौदा जुलै १९९० होता.

“ही घटना सगळ्यात मोठी दिसते,” त्या म्हणाल्या, “पण जमिनीवरचा पुरावा नाही, म्हणून काही जणांना ती गणितातली चूक वाटते. जवळच्या ठाण्याच्या नोंदीत त्या दिवशी पाच जागा रिकाम्या आहेत. बहुधा उपकरण बंद असावं. त्या ठाण्यासमोरचा कडा आता उरलेला नाही. तो खचायला कधी लागला हे कळलं असतं, तर बाकीच्या कड्यांबद्दल आपल्याला थोडं आधी बोलता आलं असतं.”

मी तळघरात गेलो. आलेख पंधरा वर्षं ठेवून नष्ट करायचा नियम आहे आणि तो पाळला गेला होता. रजिस्टर होतं. लाल वर्तुळं होती, प्रत्येकावर आडवी रेघ आणि समासात माझी सही. मी आधीच्या सहा वर्षांची रजिस्टरंही काढली. त्यांपैकी दोन हिवाळ्यांत तशीच वर्तुळं होती: एकात दोन नोंदी, एकात तीन. माझ्या आधी त्या टेबलावर बसलेल्या माणसांनी त्या अशक्य म्हणून काढून टाकल्या होत्या. माझ्या काचेखालची उणे सहाची मर्यादा त्यानंतर उरलेल्या आकड्यांवरून ठरली होती.

मी खात्याला सगळं लिहून दिलं, माझ्या खोट्यासकट. उत्तर सभ्य होतं. आलेख अस्तित्वात नाही. निरीक्षकाचा स्वहस्ताक्षरित जबाब अस्तित्वात आहे. निरीक्षकाने तो मागे घेतल्यास नोंदींचा पुनर्विचार करता येईल.

म्हणून मी केळूसला गेलो. घर समुद्रापासून आत, सुरूच्या झाडांमागे होतं. केळुसकर पडवीत बसून नारळाच्या झावळ्या विणत होते. त्यांनी मला ओळखलं, त्यांच्या पत्नी इंदूबाईंना पाणी आणायला सांगितलं आणि मी बोलू लागल्यावर हातातलं काम खाली ठेवलं. मी क्रमाने सगळं सांगितलं: नद्या, यादी, तळघर, आणि त्या सकाळी मी आलेख पाहिला होता हे. पाहून परत ठेवला होता हे.

“सापडला होता तर,” ते म्हणाले. एवढंच.

“तुम्ही म्हणाला होतात ते अक्षरशः खरं होतं. तो वारा या बाजूच्याच समुद्रावरून गेला होता.”

“असं म्हणालो होतो मी?”

“होय. साहेबांसमोर.”

इंदूबाई दारात उभ्या होत्या. “पयली पाच-सात वर्सा रोज सांगायचे,” त्या म्हणाल्या. “पाऊस असो इलो, तसो इलो. मगे बंद झाले.”

मी तयार करून आणलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की पूर्वीचा जबाब चुकीचा असून त्या पाच नोंदी आपण स्वतः बाहेर जाऊन घेतल्या होत्या. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

“सही नाही करणार,” ते म्हणाले.

“का?”

“मी त्या दिवशी आत होतो, ओगलेसाहेब.”

“तुम्ही बाहेर होता. हातमोजा काढून उभे होता. मला कँटीनमध्ये सांगितलंत.”

“सांगितलं असेल. सुरुवातीला मलाही तसंच आठवायचं. वारा, पाणी, सगळं. पण मग विचार केला. त्या पहिल्या कागदावर सही कोणाची?”

“तुमची.”

“हात धरून घेतलीत?”

“नाही.”

“मग? चौतीस वर्षांच्या नोकरीत न बघितलेल्यावर मी कधी सही केली नाही. त्या कागदावर केली, म्हणजे मी आत होतो. माणूस आपली चूक झाकायला काय काय रचतो. पाऊससुद्धा रचतो.”

“केळुसकर, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या सहीचा काही अर्थ नाही.”

“तुमच्या खोट्याचं तुम्ही बघा. सही माझी आहे.” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. त्यांनी कागदाच्या कडा जुळवून घडी घातली. “बाकीच्या दोन हजार नऊशे पंधरा आहेत ना छापलेल्या? लोक वापरतात?”

“वापरतात. जगभर.”

“मग झालं. आता एक खोटा कागद देऊन त्यांचा भरवसा घालवू नका. या वयात माका ता नको.”

त्यांनी घडी माझ्या हातात दिली आणि खालची झावळी उचलून मांडीवर घेतली. इंदूबाई काही बोलतील म्हणून मी वर पाहिलं. त्या आत निघून गेल्या होत्या.

पुढच्या वर्षी श्रावणात केळुसकर गेले. जबाब ज्याचा असेल त्याच्याखेरीज कोणालाही तो मागे घेता येत नाही.